भिंत दिसली की सर

गणिताचा मास्तर निवृत्त झाला की क्लास काढतो. इंग्रजीचा मास्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज दुरुस्त करतो. पी.टी.चा मास्तर पहाटे बागेत दहा माणसं गोळा करून त्यांना मोठमोठ्यानं हसायला लावतो. ड्रॉइंगचा मास्तर मात्र निवृत्त झाला की गावाच्या ताब्यात जातो. नोकरीत असेपर्यंत तो फक्त शाळेचे फलक लिहीत असतो. ५८ पूर्ण झाली की रक्तदान शिबिर, हळदीकुंकू, तरुण मंडळाची कमान, पाणीपट्टी भरण्याचं आवाहन आणि चौकातला श्रद्धांजलीचा फळा असं सगळं त्याच्याकडे चालत येतं. मानधनाचा विषय निघत नाही. "सर, तुमच्या हातात कला आहे, पाच मिनिटांचं काम," एवढं म्हटलं की पुरतं. पाच मिनिटांचं काम दुपारी तीनला सुरू होतं आणि दिवेलागणीला रंग वाळतो.

आमचे सर या जातीतले. आमचे म्हणजे माझ्या मित्राचे वडील. कराडच्या एका शाळेत त्यांची ३१ वर्षं गेली. त्याआधी कोल्हापुरात ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केली. चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा तलाव रंगवायला जिथं बसत, नेमक्या त्याच जागी बसून आपणही लँडस्केपं केली, असं ते सांगतात. जागा नेमकी कुठली, हे आता आबालालच सांगू शकतील.

शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे ज्या तासाला गणिताचे सर दारात उभे राहून "माझा पोर्शन राहिलाय" म्हणतात तो तास. सरांनी उभ्या आयुष्यात इतके तास दान केले की कर्णानं लाजावं. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की त्यांचे दिवस येत. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, हे कळल्यापासून पालकांना कलेचं महत्त्व पटू लागलं होतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी पोरांना काय दिलं ते पोरं जाणोत, सरांना मात्र जगाकडे बघायची एक पक्की रीत दिली. जगातली प्रत्येक गोष्ट ए ग्रेड, बी ग्रेड किंवा सी ग्रेड असते. सिंगापूरचा चांगी विमानतळ ए. सूनबाईंची आमटी बी, "पण सुधारणेला वाव आहे." मुलाचं हस्ताक्षर नापास.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा फळा कुणी लिहायचा हा प्रश्न आला. शाळेत दुसऱ्या कुणाची ओळ फळ्यावर सरळ जात नव्हती. तेव्हा सरांनी स्वतःच्या निरोप समारंभाचा फळा स्वतःच लिहिला. वर मोर, खाली समई, मधे मजकूर. नावामागे 'आदरणीय' लिहिताना हात जरा अडखळला, पण ओळीत जागा उरत होती म्हणून त्यांनी 'कलामहर्षी'ही घातलं. "उपाधी महत्त्वाची नाही रे, मार्जिन महत्त्वाचं," असं त्यांनी मला फार गांभीर्यानं समजावून सांगितलं आहे.

असे हे सर मुलाकडे सिंगापूरला आले. मुलगा आणि मी जुरोंग आयलंडवर एकाच प्लांटमध्ये नोकरीला आहोत. तो प्रोसेसमध्ये, मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. राहायला दोघंही जुरोंग वेस्टच्या एकाच इमारतीत. त्यामुळे सरांचा जो काही उपद्रव, म्हणजे उपक्रम, झाला त्याचा मी शेजारी, साक्षीदार आणि एक-दोनदा जामीन आहे.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "इथं समाजकार्य कुठं चालतं?"

"बाबा, इथं सगळं सरकार बघतं," मुलगा म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. तुम्ही आता आराम करा."

"आराम म्हणजे नेमकं काय करायचं ते सांग, मी त्याचं चित्र काढतो."

दुसऱ्या दिवशी ते समाज शोधायला बाहेर पडले. रस्त्यावर कागद नाही, नळाला चोवीस तास पाणी, बस वेळेवर, कुणी कुठं थुंकत नाही. ज्या माणसानं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात पंचक्रोशीतल्या भिंती घोषवाक्यांनी भरून काढल्या, त्याला हे दृश्य बघून किती हताश वाटलं असेल याची कल्पना करावी. दुपारी घरी येऊन म्हणाले, "यांनी आमच्यासाठी काही ठेवलंच नाही की रे."

मग त्यांना इमारतीचा तळमजला दिसला. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. लग्न असो, मयत असो, म्हाताऱ्यांचा पट असो, सगळं तिथंच. नुसते खांब आणि लांबच लांब कोऱ्या भिंती. सरांनी एका भिंतीवर तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. "प्लास्टर उत्तम. प्रायमर लागायचा नाही."

मुलाचा चेहरा उतरला. त्यानं तिथंच उभ्या उभ्या वडिलांना १९६६ चा व्हॅन्डॅलिझमचा कायदा सांगितला. परवानगीशिवाय भिंत रंगवली तर दंड किंवा कैद, आणि वर तीन ते आठ छड्या. १९९४ मध्ये मायकेल फे नावाच्या अमेरिकन पोराला गाड्यांवर रंग फवारल्याबद्दल छड्या बसल्या. खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली केली, तेव्हा कुठे सहाच्या चार झाल्या.

सर बारकाईनं ऐकत होते. भीती वाटण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसू लागला. "छडी? सरकारी? अजून चालू आहे?" ज्या शिक्षकाच्या हातातून छडी कायद्यानं काढून घेतली होती, त्याला ती अशी परदेशी मानानं नांदताना दिसली.

आता माझी जीभ जरा सैल आहे. मी म्हणालो, "सर, पण ५० वर्षांवरच्या पुरुषाला छडी मारता येत नाही, असा नियम आहे."

"म्हणजे मला सूट आहे तर!" सर म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मुलगा पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सूनबाईंनी घरातले सगळे ब्रश कपाटात कुलूपबंद केले.

भिंत हातची गेली तेव्हा सरांचं लक्ष आमच्या बेटाकडे वळलं. सकाळी साडेसहाला आम्ही दोघं डबे घेऊन जातो, ते जातो कुठं, हे त्यांना सविस्तर हवं होतं. मी सांगितलं की सिंगापूरच्या नैर्ऋत्येला सात लहान बेटं होती. आयेर चावान, आयेर मर्बाव, मर्लिमाव, साक्रा, सेराया, पेसेक आणि धाकटं पेसेक. मधला समुद्र वाळूनं भरून काढून त्यांचं एकच बेट केलं. मूळची सगळी मिळून जेमतेम १० चौरस किलोमीटर जमीन होती, २००९ मध्ये भराव संपला तेव्हा ती ३० च्या वर गेली होती.

"सात बेटं? मग ही मुंबईच झाली," सर म्हणाले. "कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम." ड्रॉइंगच्या तासाला कोण गैरहजर आहे म्हणून त्यांनी भूगोलही शिकवलेला आहे. "लोकवस्ती किती?"

"शून्य."

"मतदार?"

"नाहीत. तिथं राहायला परवानगीच नाही. सकाळी हजारो माणसं जातात, पाळी संपली की परत येतात."

"शाळा?"

"नाही."

"गणपती?"

"नाही."

"मग तिथं असतं काय?"

"तेल, सर."

मग मी जरा वेळानं सांगितलं की पूर्वी त्या बेटांवर मलाय कोळ्यांची गावं होती, ती १९६० च्या दशकापासून उठवली. सर गप्प झाले. कराडचा माणूस. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली पोरं त्यांच्या वर्गात बसलेली होती. "पुनर्वसन झालं का नीट?" एवढंच त्यांनी विचारलं. फ्लॅट मिळाले, म्हटलं. "फ्लॅटात होडी कुठं बांधतात?" म्हणाले, आणि उठून नातवाच्या पेन्सिलींना टोकं करायला बसले.

बेटावर आपण जाऊन यायचंच, असं त्यांनी ठरवलं. पण २००१ च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतरच्या महिन्यापासून, जुरोंग आयलंड संरक्षित क्षेत्र आहे. समुद्रावरून जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडालाच नाका. पास नसेल तर मंत्र्याच्या मेहुण्यालाही गाडी वळवून परत जावं लागतं. हे सांगितल्यावर सर म्हणाले, "तुमच्यात ओळखपाळख काही नाही का?" नाही म्हटलं. "मग दहा वर्षं नोकरी करून केलंत काय?"

शेवटी एका रविवारी मी त्यांना नाक्याच्या अलीकडून, लांबून काय दिसेल ते दाखवायला घेऊन गेलो. इथल्या संरक्षित जागांच्या कुंपणावर एक पाटी असते. चार भाषांत 'प्रवेश बंद', आणि खाली चित्र. एक शिपाई बंदूक रोखून उभा, समोर हात वर केलेला माणूस. कुठलाही शहाणा मनुष्य ही पाटी बघून दोन पावलं मागे सरतो. सर दोन पावलं पुढे गेले. चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला आणि अंगठा लांब धरून शिपायाचं माप घेतलं.

"खांदा चुकलाय. बंदूक खांद्याला टेकलेलीच नाही, हवेत आहे. हा झाडला असता तर हाच मागं पडला असता. हात वर केलेल्याला मान दिलेली नाही. पण भाव पोचतो. बी ग्रेड."

"सर, चला आता."

"चित्रकार कोण आहे? सही नाही कुठं."

तिथून त्यांना मी कसं हलवलं ते मला माहीत.

सरांचा प्रवेश झाला तो कलेच्या दारातूनच. आमच्या कंपनीत दर वर्षी सुरक्षा सप्ताहात कर्मचाऱ्यांच्या मुलांची पोस्टर स्पर्धा असते. परीक्षक म्हणून आजवर कुणातरी साहेबाला बसवत. साहेब स्वतःच्या साहेबाच्या मुलीला पहिला नंबर देत आणि स्पर्धा सुरक्षितपणे पार पडे. त्या वर्षी आमच्या सेफ्टीच्या मॅनेजरबाईंना कळलं की ३१ वर्षांच्या अनुभवाचा सर्टिफाइड आर्ट टीचर फुकट उपलब्ध आहे. सिंगापुरात 'फुकट' या गोष्टीला फार किंमत आहे. आठ दिवसांत पासपोर्टची प्रत गेली, अर्ज मंजूर झाला आणि पांढरा झब्बा, वर पिवळं सेफ्टी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, पायात दोन नंबर मोठे सेफ्टी शूज अशा थाटात सर जुरोंग आयलंडवर उतरले. बाईंनी "वेलकम, अंकल" म्हटलं. इथं वडीलधाऱ्या माणसाला अंकलच म्हणतात. "सर," सरांनी दुरुस्ती केली. तेव्हापासून त्या त्यांना 'सर अंकल' म्हणतात.

प्लांटच्या फाटकावर फोन ठेवून घेतात, कारण आत ठिणगी चालत नाही. बाईंनी त्यांना बसमधून एक फेरी दाखवली. मला वाटलं होतं, मनोरे, टाक्या आणि नळ्यांचं जंगल बघून सर दिपून जातील. त्यांनी फक्त रंग बघितले. आमच्याकडे नळीत काय वाहतं ते रंगावरून ओळखायची जुनी ब्रिटिश रीत आहे. बीएस १७१० म्हणतात त्या प्रमाणकाला. वाफ चंदेरी करडी, तेल तपकिरी, आम्ल जांभळं, हवा फिकट निळी, पाणी हिरवं. आणि वायू पिवळा, पण साधा पिवळा नाही. प्रमाणकात लिहिलंय 'येलो ऑकर'.

"येलो ऑकर!" सर बसमध्ये उठून उभे राहिले. "हे इंजिनिअर लोकांनी लिहिलंय? ऑकर? आमच्या कॅमलच्या पेटीतला?" आपल्या गावचा माणूस परदेशात भेटल्यावर लोकांची जी गत होते, ती सरांची एका रंगाला भेटून झाली. त्या आनंदात त्यांनी बाईंना येलो ऑकरमध्ये किती पांढरा मिसळला की मातीच्या भिंतीचा रंग येतो, हेही सांगून टाकलं. फक्त पाणी हिरवं हे त्यांना अजिबात पटलं नाही. "चौथीतलं पोर पाणी निळं करतं. हवेला निळा आणि पाण्याला हिरवा? कुणी ठरवलं? चर्चा झाली होती का?"

उंच फ्लेअरवरची ज्योत बघून त्यांनी विचारलं, ही दिवसाही का जळते? जास्तीचा वायू साठला तर धोका, म्हणून तो तिथं जाळतात आणि त्यासाठी खालची लहान ज्योत कधीच विझू देत नाहीत, असं मी सांगितलं. "म्हणजे नंदादीप," म्हणाले आणि बसमधूनच हात जोडले. शेजारच्या फिलिपिनो ऑपरेटरनंही पाहुण्याचा मान राखून जोडले.

परीक्षण हे खरं पाहण्यासारखं प्रकरण होतं. सरांनी चित्रं टेबलावर मांडली नाहीत, जमिनीवर पसरली आणि मांडी घालून मधे बसले. पहिल्या दहा मिनिटांत निम्मी बाद. "हे बापानं काढलंय. हे आईनं. हे बापानं काढून आईनं रंगवलंय, आणि दोघांचं भांडण झालेलं दिसतंय, हा कोपरा बघा." बाई खूष. पहिला नंबर त्यांनी सहा वर्षांच्या एका पोराला दिला. त्यानं काढलेलं हेल्मेट माणसापेक्षा मोठं होतं. साहेब लोकांनी कुरकुर केली. सरांनी मराठी वळणाच्या इंग्रजीत निवाडा दिला की हेल्मेट मुख्य आणि डोकं दुय्यम हे या पोराला कळलंय, तुमच्यापैकी किती जणांना कळलंय ते मी सकाळपासून बघतोय. दोघा साहेबांनी मुकाट्यानं हेल्मेटं घातली.

चहा घ्यायला गेलो तर सर गायब. सापडले ते कंत्राटी कामगारांच्या शेडमध्ये. सकाळी काम सुरू होण्याआधी तिथं टूलबॉक्स मीटिंग होते. आज काय काम आहे आणि त्यात काय धोका आहे, हे सुपरवायझर सगळ्यांना सांगतो. सांगतो इंग्रजीत. ऐकणारे तमिळ, बंगाली, तेलुगू, बर्मी आणि चिनी. सगळे माना डोलावतात, वहीवर सह्या करतात आणि कामाला जातात. सर त्या शेडमधल्या नोटिस बोर्डापुढे उभे होते. टाकीत उतरण्यापूर्वीचे नियम होते, बारीक टायपातले दोन कागद.

"हे कोण वाचतं?" त्यांनी विचारलं.

बाई खरं बोलल्या. "कुणी नाही."

"मग चित्र का काढत नाही?"

बाईंकडे उत्तर नव्हतं. जगभरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे याची उत्तरं आहेत, तक्ते आहेत, त्रिकोणी चिन्हं आहेत. पण समोर उभं राहून "मग चित्र का काढत नाही" असं त्यांना कुणी शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारलं नव्हतं. ज्या विषयाचा तास गणिताच्या सरांनी हक्कानं उचलावा, तो विषय पाच भाषांच्या त्या शेडमध्ये एकाएकी सक्तीचा झाला.

कपाटाचं कुलूप उघडलं. त्या आठवड्यात सरांनी व्हॉइड डेकमध्ये चटई टाकून पहिला तक्ता रंगवला. मला विचारून विचारून तांत्रिक बाबी पक्क्या केल्या. टाकीत उतरण्याआधी हवा तपासायची, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पाऊल टाकायचं नाही, आणि आत माणूस असेपर्यंत तोंडाशी एकानं राखण करायची. त्यानं जागा सोडायची नाही, आतला पडला तर स्वतः उडी मारायची नाही, हाकाटी करायची. हे शेवटचं सरांनी दोनदा विचारलं. "उडी नाही मारायची?" नाही, म्हटलं. वाचवायला गेलेलाच दुसरा जातो. त्यांनी त्या माणसाचे पाय जमिनीत रोवल्यासारखे काढले. पंजे, पोटऱ्या, सगळं ताणलेलं. मी पाहिलेला तो त्यांचा सर्वांत चांगला तुकडा.

अडचण चेहऱ्याची होती. सरांनी ३१ वर्षं जयंत्या-पुण्यतिथ्यांना जे चेहरे काढले, त्यांच्याशिवाय दुसरा चेहरा त्यांच्या हातातून येत नाही. त्यामुळे टाकीच्या तोंडाशी राखणीला महात्मा फुले उभे होते. पागोटं, त्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा. हवा तपासणारे लोकमान्य. शिडीवरून उतरणारे गाडगेबाबा, कमरेला सेफ्टी बेल्ट. परवान्यावर सही करणाऱ्या सुपरवायझरला त्यांनी बाबासाहेबांचा चष्मा दिला होता. "लिहून दिल्याशिवाय काही होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?" म्हणाले. मला प्रतिवाद सुचला नाही.

मुलानं तो तक्ता गुंडाळून नाक्यावर नेला. पोलिसानं उलगडला, बराच वेळ बघितला, सहकाऱ्याला दाखवला आणि परत गुंडाळून दिला. शेडमध्ये तक्ता लागला त्या दिवशी टूलबॉक्स मीटिंग संपल्यावर माणसं जायला तयार नव्हती. तमिळ वेल्डर फुल्यांकडे बोट दाखवून मला विचारत होता, हा तलैवर कोण? मी जमेल तसं सांगितलं, शाळा काढणारा मोठा माणूस. "सेफ्टी ऑफिसर?" साधारण तसंच, म्हटलं. आता शेडमध्ये राखणदारानं जागा सोडली की बाकीचे ओरडतात, "फुले! फुले!" आणि तो परत येऊन उभा राहतो. मराठी समाजसुधारणेचा प्रसार इतक्या दक्षिणेला दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एक मोठी धास्ती मात्र त्या भेटीच्या रात्रीच होऊन गेली होती. सर बेटावरून घरी आले, जेवले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुलगा धावत माझ्याकडे आला. "बाबा काढतायत." काय? "सगळं. आठवून." संरक्षित क्षेत्र, फोटोला बंदी, आणि हा मनुष्य स्मरणचित्राचा तज्ज्ञ! फोन काढून घेता येतो, ए.टी.डी. कसं काढून घेणार? आम्ही दोघं दबकत त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिलो. चित्र पूर्ण होत आलं होतं. मागे दोन डोंगर. त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य. डोंगरातून निघालेली नदी, काठाला नारळ, कौलारू झोपडी. झोपडीच्या मागं एक उंच दांडा आणि त्यावर ज्योत.

"सर, बेट सपाट आहे. भराव घातलेलं. डोंगर कुठून आले?"

"डोंगराशिवाय निसर्गचित्र होत नाही," सर म्हणाले.

मुलानं सुस्कारा सोडला. सिंगापूरचं कुठलंही गुपित त्या कागदावर सुरक्षित होतं.

पुढे कधीतरी त्यांना जुरोंगच्या भुयारांबद्दल सांगायची चूक मुलानं केली. बेटाच्या पोटात, १३० मीटर खोल, खडक फोडून मोठमोठी दालनं केलीत. २०१४ मध्ये ती सुरू झाली. सरांचे डोळे लकाकले. अजिंठ्याला सहली नेऊन त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. "लेणी? आणि भिंती?"

"कोऱ्या, बाबा. आत तेल साठवतात. ऑइल."

"ऑइलच ना? मग ऑइल पेंट धरेल."

बाकी किरकोळ उपक्रम बरेच. नॅशनल गॅलरीत त्यांनी च्युआ मिया टी यांचं १९५९ चं 'नॅशनल लँग्वेज क्लास' हे चित्र बघितलं. मलाय भाषेचा वर्ग भरलाय, फळ्यावर 'तुझं नाव काय, तू कुठे राहतोस' असे दोन प्रश्न लिहिलेत. सर त्यापुढे इतका वेळ थांबले की पहारेकरी दोनदा फिरून गेला. "फळ्यावरची ओळ सरळ आहे. आणि एकही पोरगं तास सोडून गेलेलं नाही. ए." चिनी नववर्षाच्या आधी आमच्या कम्युनिटी क्लबात एक वृद्ध चिनी गृहस्थ लाल कागदावर शाईनं शुभेच्छा लिहून फुकट वाटतात. सर शेजारी टेबल मांडून बसले. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही, पण एकानं ब्रश टेकवला की दुसरा श्वास धरतो. त्या वर्षी आमच्या इमारतीत कितीतरी चिनी दारांवर लाल कागदावर 'शुभ लाभ' लागलं. अर्थ विचारल्यावर मी 'लाभ' तेवढं समजावलं, त्यावरच ते इतके खूष झाले की 'शुभ'पर्यंत जायची गरज पडली नाही. १९९४ पासूनच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात सरांनी काय काय केलं ते मंडळवाले सांगतील, त्यांना अजून धाप लागलेली आहे.

रविवारी मात्र ते पेंजुरूला असतात. तिथं कामगारांचं करमणूक केंद्र आहे, सुटीच्या दिवशी बेटावरची, गोदीतली माणसं जमतात. सर एका कट्ट्यावर बसतात आणि मागेल त्याचं पेन्सिलनं चित्र काढून देतात. बंगाली रिगर लोकमान्यांच्या वळणावर जातो, आंध्रचा फिटर सेनापती बापटांच्या. कुणी तक्रार करत नाही. एकाच्या बायकोनं गावाहून विचारलं म्हणे, हे कोण? तर त्यानं कळवलं, मीच आहे, इथं माझा मान वाढलाय. चित्राखाली ज्याचं त्याचं नाव आणि गाव, त्याच्याच लिपीत. सरांना बंगाली येत नाही, तमिळही नाही. माणूस आधी चिठ्ठीवर लिहून देतो आणि सर ते बघून मोठ्या अक्षरात उतरवतात, जाड-बारीक सांभाळून. एकदा एका बांगलादेशी पोरानं स्वतःच्या गावाचं नाव चिठ्ठीवर घाईघाईत, वाकडंतिकडं लिहून दिलं. सरांनी चिठ्ठी परत केली. "गावाचं नाव आहे. नीट लिही." त्यानं कट्ट्यावर कागद ठेवून, जीभ दाताखाली धरून, दुसऱ्यांदा लिहिलं. सरांनी बघितलं आणि कोपऱ्यात लहानसा 'ए' घातला.

मुलगा अजून म्हणतो, बाबांना जरा आवरायला हवं. मी म्हणतो, आवरून बघ.

सर सध्या कराडला आहेत. गावची कामं तुंबली होती. नोव्हेंबरात पुन्हा येतायत. इथं मिळणारे पोस्टर कलर त्यांना पसंत नाहीत, सी ग्रेड म्हणतात. तेव्हा दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईहून सिंगापूरला येणाऱ्यांना विनंती, की येताना कॅमलच्या पोस्टर कलरच्या चार बाटल्या आणाव्यात. येलो ऑकर दोन, बाकी कुठलेही. वजनात बसत नसेल तर लोणच्याची बरणी काढावी. लोणचं इथं मुस्तफाच्या दुकानात मिळतं.